वापरलेल्या गाडीचे गिअर आणि हँडब्रेक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरलेल्या गाडीत गिअर आणि हँडब्रेक यांच्याकडे वेगळ्या नजरेने का पाहावे लागते?

नव्या गाडीत बिघाड झाला तर तो बिघाड म्हणूनच समोर येतो. वापरलेल्या गाडीत मात्र आधीच्या मालकाने किंवा त्याच्या मेकॅनिकने केलेल्या जुळवाजुळवीखाली तो झाकलेला असू शकतो. ब्रेक शू (ड्रमवर आतून दाबले जाणारे ब्रेकचे तुकडे) झिजले म्हणून हँडब्रेकची केबल ताणली जाते, क्लच प्लेट झिजली म्हणून क्लच केबलचा नट फिरवला जातो, आणि लिव्हर सैल झाला म्हणून त्याच्या बुशभोवती काहीतरी गुंडाळले जाते. यातल्या प्रत्येक उपायाने गाडी काही महिने चालते आणि नेमकी त्याच काळात ती विकली जाते. म्हणून अशा गाडीत पहिला प्रश्न ‘हे जुळवायचे कसे?’ हा नसून ‘जुळवायला अजून किती जागा शिल्लक आहे?’ हा असावा. केबलच्या टोकाच्या आट्यांवर नट अगदी शेवटपर्यंत गेलेला दिसला, तर तो आणखी एक फेरा फिरवण्यात अर्थ नाही. झीज दुसरीकडे आहे आणि ती तिथेच शोधावी लागेल.

गिअर जड पडतो. दोष क्लचमध्ये आहे की गिअरबॉक्समध्ये, हे खोलून न पाहता कळते का?

बहुतेक वेळा कळते, आणि त्यासाठी कोणतेही अवजार लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना ठोकळे लावून आणि इंजिन बंद ठेवून सर्व गिअर एकेक करून टाकून पाहावेत. मग इंजिन सुरू करून, क्लच पूर्ण दाबून तेच पुन्हा करावे. इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असतील आणि सुरू असताना अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. म्हणजे पेडल दाबूनही इंजिनाची थोडी गती गिअरबॉक्सच्या शाफ्टपर्यंत पोहोचत राहते. दोन्ही वेळा सारखेच जड जात असतील, तर लिव्हर, केबल, जोडदांडे किंवा गिअरबॉक्सचा आतला भाग संशयाखाली येतो.

दुसरी परीक्षा रिव्हर्स गिअरची आहे. इंजिन मंद गतीवर असताना क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबतो आणि गिअर आवाज न करता बसतो. एवढे थांबूनही खरखर झाली, तर क्लच सुटत नसल्याची शंका पक्की होते. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबलेला असताना गाडी हळूहळू पुढे सरकू पाहणे हेही याच दोषाचे लक्षण आहे.

या दोन परीक्षा करायला पाच मिनिटे पुरतात, तरीही त्या न करताच गिअरबॉक्स उतरवला जातो, याचे आश्चर्य वाटते.

क्लच पूर्ण सुटत नसेल तर तपासणी कुठून सुरू करावी?

पायाखालच्या मॅटपासून. जाड किंवा दुहेरी मॅटमुळे पेडल तळापर्यंत जात नाही, आणि वापरलेल्या गाडीत मागच्या मालकाने टाकलेली मॅट अनेकदा मापाची नसते. ती काढून पुन्हा पाहावे.

क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर पेडल लागोपाठ तीन-चार वेळा दाबून लगेच गिअर टाकावा. असे केल्यावर गिअर सहज पडला तर नळीत हवा शिरली आहे किंवा मास्टर सिलिंडरमधले (पेडलने तेलावर दाब देणाऱ्या नळकांड्यातले) रबर सील दाब धरत नाही. पेडल दाबून धरल्यावर पकड हळूहळू परत येऊ लागली आणि बाहेर कुठेही गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतून तेल मागे निसटत असण्याचा संभव अधिक असतो. पेडलच्या वरच्या बाजूला, जिथे दांडा आत जातो, तिथे बोट फिरवून ओल लागते का ते पाहावे. स्लेव्ह सिलिंडरच्या (त्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या, गिअरबॉक्सकडच्या नळकांड्याच्या) रबरी टोपीखालीही तसेच पाहावे. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतले तेल वापरतात. अशा टाकीत क्लचची नळी वरच्या पातळीवर जोडलेली असते, त्यामुळे क्लचकडे गळती झाली तर तेल त्या पातळीपर्यंत उतरून थांबते आणि ब्रेकसाठी काही साठा उरतो. पातळी पुन्हा पुन्हा एकाच रेषेवर येऊन थांबत असेल तर शोध क्लचच्या बाजूला घ्यावा.

ब्रेक तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ओलाव्याने सिलिंडरच्या आतील पृष्ठभागाला गंज चढतो आणि त्यावर घासून सील कापले जाते. म्हणून काळपट तेल दिसले तर हवा काढताना ते पूर्ण बदलूनच घ्यावे. हे तेल रंगावर सांडल्यास रंग उतरतो. लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

क्लच केबलचा असेल तर केबल आतून उसवली आहे का, ती जिथून आत शिरते ती पत्र्याची भिंत पेडल दाबल्यावर वाकते का, आणि पेडलला योग्य ढील आहे का, हे पाहावे. ढिलाईचे माप प्रत्येक गाडीचे वेगळे असते आणि ते त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे.

एक प्रकार मात्र बिघाडापेक्षा निष्क्रियतेचा असतो. कित्येक महिने दमट जागी उभ्या राहिलेल्या गाडीची क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) चिकटते किंवा शाफ्टवरच्या खाचांत गंजून अडकते. पेडल नेहमीसारखे जाते, पण क्लच सुटत मात्र नाही.

क्लच घसरत आहे हे कसे ओळखावे?

मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबावा. इंजिनाचा आवाज आणि फेरे झटकन वाढले, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर प्लेट घसरत आहे. चढावर जळका वास येणे ही त्यापुढची पायरी. केबलच्या क्लचमध्ये ढील अजिबात नसेल तर प्लेट चांगली असूनही ती पूर्ण दाबली जात नाही, म्हणून आधी ढील पाहावी. ढील योग्य असूनही घसरत असेल तर प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग हा संच एकत्र बदलावा; गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यावी लागते, आणि जुने बेअरिंग परत बसवून केलेली बचत सहसा टिकत नाही. गिअरबॉक्स खाली असताना इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलकडेही नजर टाकावी, कारण तिथली गळती नवी प्लेट तेलकट करून टाकते.

लिव्हर सैल झाला आहे आणि कोणता गिअर पडला ते समजत नाही. हा गिअरबॉक्सचा दोष आहे का?

शक्यता कमी आहे. लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दांडे किंवा दोन केबल असतात आणि त्यांच्या सांध्यांत प्लॅस्टिकचे किंवा रबराचे छोटे बुश असतात. हे बुश उष्णतेने कडक होतात, तडकतात आणि गळून पडतात. मग लिव्हर पाच बोटे हलला तरी गिअरबॉक्सपर्यंत तीनच बोटे पोहोचतात, आणि पहिल्याऐवजी तिसरा गिअर पडतो.

केबल असलेल्या गाडीत दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्याचा सोपा मार्ग असा : इंजिन बंद ठेवून आणि चाकांना ठोकळे लावून केबलची टोके गिअरबॉक्सपासून सोडवावीत व गिअरबॉक्सवरचे छोटे लिव्हर हाताने हलवून पाहावेत. ते मोकळेपणाने, ठसक्यात आपापल्या जागी बसत असतील तर गिअरबॉक्स निर्दोष आहे आणि केबल किंवा तिचे जोड बदलायला हवेत. तेच जड असतील तर केबल बदलून काहीही साधणार नाही. केबल पुन्हा जोडताना तिची लांबी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने, बहुधा न्यूट्रलमध्ये खिटी घालून, जुळवावी लागते. अंदाजाने जोडलेल्या केबलमुळे एखादा गिअर अर्धवटच बसतो आणि पुढे तोच निसटू लागतो.

एकाच गिअरला खरखर होते, बाकीचे नीट पडतात. हे काय आहे?

त्या गिअरच्या सिंक्रोनायझर रिंगची झीज. गिअर बसण्यापूर्वी दोन भागांची गती सारखी करण्याचे काम ही रिंग घर्षणाने करते. अनेक गिअरबॉक्समध्ये ती पितळेची असते. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या गतीत अंतर मोठे असते आणि दुसरा गिअर सतत वापरला जातो, म्हणून तक्रार बहुधा दुसऱ्यापासून सुरू होते. क्लचचा दोष असता तर सर्वच गिअरना त्रास झाला असता.

खात्री करायची असेल तर खालचा गिअर टाकताना दुहेरी क्लच वापरून पाहावा : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. असे केल्यावर खरखर नाहीशी झाली तर दोष रिंगचाच. ही सवय ठेवून गाडी बराच काळ चालवता येते, आणि कमी किमतीच्या जुन्या गाडीसाठी तो नामुष्कीचा नव्हे तर शहाणा मार्ग आहे, असे माझे मत आहे. गाडी थंड असताना पहिले काही मिनिटेच खरखर होत असेल तर दुरुस्तीआधी तेल बदलून पाहावे.

गिअर ऑइल कोणते घालावे, आणि त्याची पातळी कशी पाहावी?

प्रत पुस्तिकेत दिलेलीच असावी. ‘जास्त चांगले’ तेल घालण्याचा मोह इथे महागात पडतो. गिअर ऑइलच्या प्रतींपैकी जीएल-५ हे तेल जीएल-४ ची सुधारित आवृत्ती आहे, असा समज आढळतो. प्रत्यक्षात जीएल-५ मध्ये डिफरन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या जोडणीच्या) दात्यांवरील जबर दाबासाठी गंधक व फॉस्फरसयुक्त घटक अधिक असतात. ते पितळेच्या रिंगला बाधू शकतात, शिवाय अशा तेलात रिंगला हवे तेवढे घर्षण मिळत नाही आणि गिअर बदलताना खरखर होते. पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर तेच वापरावे. दाटपणाचेही तसेच : ७५डब्ल्यू-८० या दाटपणाच्या तेलाच्या जागी अधिक दाट तेल घातले तर आवाज दबेल, पण थंडीत गिअर जड पडेल. विक्रीसाठी आलेल्या गाडीत आवाज दाबण्याकरिता दाट तेल घातलेले असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

पातळी पाहण्यासाठी बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सच्या बाजूला एक बोल्ट असतो. गाडी सपाट उभी असताना तो काढल्यावर तेल भोकाच्या खालच्या कडेला लागून असले पाहिजे. तेल बदलताना आधी हा भरण्याचा बोल्ट सुटतो की नाही ते पाहावे आणि मगच खालचा बोल्ट काढावा. तेल काढून टाकल्यावर वरचा बोल्ट गंजलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. खालच्या बोल्टवर चुंबक असेल तर त्यावर बारीक करडा लेप असणे स्वाभाविक आहे. तुकडे किंवा दात्यांचे कपचे असतील तर गिअरबॉक्स उघडण्याखेरीज उपाय नाही. तेलात पिवळी चमक दिसली तर ती रिंगमधून आलेली असते.

रिव्हर्स गिअर टाकताना नेहमी आवाज होतो. दुरुस्ती करावी का?

अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतोच. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबावे, किंवा आधी पुढचा एखादा गिअर टाकून मग रिव्हर्स टाकावा. पुढच्या गिअरची रिंग आतला शाफ्ट थांबवते. एवढ्याने आवाज गेला तर दुरुस्ती करण्यासारखे काही नाही. दात्यावर दाता येऊन रिव्हर्स पडतच नसेल, तर क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा. लिव्हरवर जोर करू नये.

चालत्या गाडीत गिअर आपोआप निसटून न्यूट्रल होतो. कारण काय?

कारणे आतली असू शकतात आणि बाहेरचीही. आधी बाहेरची पाहावीत. लिव्हरभोवती नंतर बसवलेले कव्हर, कन्सोल किंवा जाड रबर लिव्हरला शेवटपर्यंत जाऊ देत नसेल, तर गिअर अर्धवट बसतो. इंजिनाचे माउंटिंग फाटले असेल तर ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना इंजिन पुढेमागे डुलते आणि लिव्हरला ओढून नेते. अशा वेळी गिअर निसटण्याआधी लिव्हर स्वतःहून हललेला दिसतो. केबल किंवा दांड्यांची चुकीची जुळणी हे तिसरे कारण.

ही सर्व ठीक असतील तर आतला निवडकाटा (गिअर सरकवून जागी बसवणारा काटा) वाकला किंवा झिजला आहे, खटक्याची स्प्रिंग कमजोर झाली आहे, किंवा गिअर धरून ठेवणाऱ्या दात्यांच्या कडा गोल झाल्या आहेत. लिव्हर हाताने धरून गाडी चालवणे हा उपाय नव्हे. त्या दाबाने काटा सतत घासत राहतो आणि झीज वाढते. उतारावर गिअर निसटला तर इंजिनाचा अटकाव एकाएकी नाहीसा होतो, म्हणून हा दोष असलेली गाडी घाटरस्त्यावर नेऊ नये.

गुणगुण किंवा घरघर ऐकू येते. ती कुठून येते हे कसे ठरवावे?

गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन सुरू. क्लच सोडलेला असताना घरघर आहे आणि दाबल्यावर जाते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग. दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय असलेल्या चालकाच्या गाडीत ते लवकर जाते. फक्त एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरचे दाते पाहावे लागतात.

ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ‘पी’ (पार्किंग) मधून हलत नाही. गिअरबॉक्स गेला का?

घाबरण्यापूर्वी मागे जाऊन ब्रेक लाइट लागतात का ते पाहावे. पाय ब्रेकवर असल्याशिवाय लिव्हर ‘पी’ मधून सुटू नये यासाठी विजेवर चालणारी एक खिटी असते आणि तिला इशारा ब्रेक पेडलवरच्या स्विचकडून मिळतो. ब्रेक लाइटच लागत नसतील तर त्यांचा फ्यूज किंवा तो स्विच दोषी आहे. दोन्ही स्वस्त वस्तू आहेत. बॅटरी उतरली असेल तरीही खिटी उघडत नाही. तातडीसाठी बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ एका छोट्या झाकणाखाली हाताने खिटी सोडवण्याची सोय असते. ती वापरताना हँडब्रेक ओढलेला आणि ब्रेक पेडल दाबलेले असावे, नाहीतर उतारावर गाडी निघून जाईल.

गाडी ‘पी’ मध्ये सुरू होत नाही पण न्यूट्रलमध्ये होते, अशी तक्रार असेल तर गिअरची स्थिती कळवणारा स्विच किंवा लिव्हरच्या केबलची जुळणी पाहावी.

ऑटोमॅटिक गिअर झटका देऊन बदलतो. तेल बदलल्याने फरक पडेल का?

तेलाची पातळी कमी असेल तर पडेल. तेल पाहण्याची पद्धत गाडीनुसार वेगळी असते : काहींत इंजिन गरम व सुरू असताना पट्टी काढून पाहतात, तर अनेक नव्या गाड्यांत पट्टीच नसते आणि ठरावीक तापमानाला बोल्ट काढून पातळी पाहावी लागते. तेल काळे असेल, जळका वास येत असेल आणि चाळणीत धातूचा चुरा सापडला, तर आतले क्लच झिजले आहेत. नवे तेल ती झीज भरून काढणार नाही. सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते, आणि त्यात साधे ऑटोमॅटिक ऑइल घातल्यास आतला पट्टा घसरून पुलीचे नुकसान होते. पूर्वी कोणते तेल घातले गेले याची नोंद मिळत नसेल तर योग्य प्रतीचे तेल घालून सुरुवात नव्याने करावी.

एएमटी प्रकारात गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो; क्लच आणि गिअर फक्त यंत्र हलवते. क्लच बदलल्यानंतर त्या यंत्राला नवी जागा संगणकाद्वारे शिकवावी लागते. ते राहून गेले तर नव्या क्लचनेही गाडी झटके देते.

उतारावर उभी केलेली गाडी ‘पी’ मधून काढताना मोठा धडका बसतो. हा गिअरचा दोष आहे की ब्रेकचा?

बहुधा वापराचा. ‘पी’ मध्ये गिअरबॉक्समधली एक लहान खिटी दातेरी चाकात अडकते आणि गाडीचे सगळे वजन तिच्यावर येते. क्रम बदलावा : ब्रेक पेडल दाबून न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पेडल सैल करून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यावी, पुन्हा पेडल दाबून शेवटी ‘पी’. असे करूनही धडका बसत असेल तर हँडब्रेक गाडी धरत नाही, आणि तो दोष इतके दिवस ‘पी’ ने झाकला होता. मॅन्युअल गाडीत सवयीने गिअरमध्ये ठेवून हेच झाकले जाते.

हँडब्रेकचा लिव्हर खूप वर येतो, तरी गाडी धरत नाही. केबल ताणून घ्यावी का?

नाही, किमान सुरुवातीलाच नाही. सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत लिव्हर केबल ओढतो, केबल ड्रमच्या आतला एक छोटा दांडा ओढते आणि तो दांडा दोन्ही शू ड्रमवर दाबतो. शू झिजले की ते आणि ड्रम यांतले अंतर वाढते. ते भरून काढण्यासाठी आत दातेरी चाकाचा आपोआप जुळणारा आटा असतो. हा आटा गंजून अडकला की अंतर वाढत जाते आणि लिव्हर वर येऊ लागतो. अशा वेळी केबल ताणली, तर आतला छोटा दांडा मूळ जागी परत येऊ शकत नाही, आपोआप जुळणीला वावच उरत नाही, आणि दोष कायमचा होतो. वर लिव्हर चार खटक्यांत घट्ट लागतो आणि मालक समाधानी होतो, पण चाकावर पकड कमीच असते.

योग्य क्रम उलटा आहे. हँडब्रेक पूर्ण सोडून केबल सैल करावी. मागची चाके आणि ड्रम काढून लायनिंगची जाडी, आट्याची हालचाल आणि छोट्या दांड्याची परतण्याची जागा पाहावी. ड्रम निघत नसेल तर त्यावर आटे पाडलेली दोन भोके आहेत का पाहावे. त्यांत बोल्ट आवळल्यावर ड्रम पुढे सरकतो. आत झिजून कड तयार झाली असेल तर मागच्या भोकातून आटा मागे फिरवावा लागतो. ड्रमच्या आतल्या व्यासाची कमाल मर्यादा बहुधा ड्रमवरच उमटवलेली असते. त्यापुढे गेलेला ड्रम बदलावा. लायनिंग तेलकट असेल तर गळती आधी थांबवावी, मग दोन्ही बाजूंचे शू एकत्र बदलावेत. पुसून किंवा घासून तेलकट लायनिंग सुधारत नाही. शू जुळवून, ब्रेक पेडल काही वेळा दाबून ते मध्यावर आल्यावरच शेवटी केबल जुळवावी. लिव्हर किती खटक्यांत लागावा हा आकडा पुस्तिकेतून घ्यावा. लिव्हर सोडल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरली पाहिजेत.

वापरलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट जरूर तपासावी. डाव्या आणि उजव्या चाकाच्या आट्यांची दिशा अनेक गाड्यांत एकमेकांच्या उलट असते. पूर्वीच्या कामात ते अदलाबदल झाले असतील तर आटा शू जवळ आणण्याऐवजी आपोआप दूर नेतो, आणि कितीही वेळा जुळवले तरी काही दिवसांत हँडब्रेक पुन्हा सैल होतो.

लिव्हर खाली सोडला तरी चाक मोकळे होत नाही.

केबलच्या आवरणात पाणी शिरून गंज धरला आहे, किंवा चाकापाशी असलेला दांडा अडकला आहे. थोडे अंतर चालवून मागच्या दोन चाकांजवळ तळवा नेऊन उष्णतेतला फरक पाहावा. धातूला हात लावू नये, भाजेल. केबल चाकाच्या बाजूने सोडवल्यावर दांडा मोकळा परतला तर दोष केबलचा आहे. गंजलेल्या केबलमध्ये तेल सोडून ती थोडे दिवस चालते, पण आवरण फाटलेले असेल तर पाणी पुन्हा शिरणारच, म्हणून बदलणेच बरे. हँडब्रेक क्वचित वापरणाऱ्यांच्या गाड्यांत केबल अधिक लवकर अडकतात. कडाक्याच्या थंडीत आत गोठलेले पाणीही हेच करते.

मागे डिस्क ब्रेक असतील तर काय वेगळे असते?

दोन प्रकार आहेत. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या वाटीत हँडब्रेकसाठी स्वतंत्र लहान शू असतात. ते चालत्या गाडीत वापरले जात नाहीत, त्यामुळे झिजण्यापेक्षा गंजतात आणि त्यांचे लायनिंग सुटून पडते. दुसऱ्या प्रकारात केबल कॅलिपरमधल्याच (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातल्याच) पिस्टनला आट्याने पुढे ढकलते. अशा पिस्टनला पॅड बदलताना सरळ दाबून मागे ढकलू नये. तो योग्य अवजाराने फिरवत आत न्यावा लागतो. जोर करून दाबल्यास आतली यंत्रणा तुटते आणि कॅलिपरच बदलावा लागतो.

बटणाचा, विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक अडकला आहे.

आधी बॅटरी. कमजोर बॅटरीवर ही यंत्रणा चुकीचे इशारे देते किंवा काम अर्धवट सोडते. बटण दाबल्यावर दोन्ही मागच्या चाकांपाशी मोटरचा आवाज येतो का ते ऐकावे. एकाच बाजूला शांतता असेल तर त्या चाकाकडे जाणारी वायर आणि तिचा जोड गंजला आहे का ते पाहावे, कारण ती वायर चाकाबरोबर सतत हलत असते. पॅड बदलण्यापूर्वी यंत्रणा दुरुस्तीच्या स्थितीत नेणे आवश्यक आहे, आणि काम चालू असताना कोणीही बटण दाबणार नाही याची व्यवस्था करावी. मोटर बोट चिरडू शकते.

हँडब्रेक सोडल्यावरही लाल दिवा जात नाही.

अनेक गाड्यांत हाच दिवा ब्रेक तेल कमी झाल्याचेही सांगतो. म्हणून लिव्हरखालचा स्विच पाहण्याआधी तेलाची टाकी पाहावी. पातळी उतरलेली असेल तर वर तेल ओतून दिवा विझवू नये. पॅड झिजल्याने पातळी खाली येते, किंवा कुठेतरी गळती असते, आणि दोन्हींपैकी काय ते ठरल्याशिवाय गाडी चालवू नये.

हँडब्रेक पुरेसा धरतो की नाही, याची परीक्षा कशी घ्यावी?

प्रवासी गाड्यांच्या ब्रेकसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. १३-एच नुसार पार्किंग ब्रेकने पूर्ण भरलेली गाडी २० टक्के उतारावर, म्हणजे सुमारे ११ अंशांच्या कलावर, दोन्ही दिशांना धरली पाहिजे. घरगुती परीक्षेसाठी एवढा उतार लागत नाही. रहदारी नसलेल्या मध्यम उतारावर ब्रेक पेडल दाबून न्यूट्रल करावे, हँडब्रेक लावावा आणि पाय पेडलवरच ठेवून दाब हळूहळू कमी करावा. गाडी आधी वर आणि मग खाली तोंड करून पाहावी, कारण काही ड्रम ब्रेकची पकड दोन दिशांना सारखी नसते.

यातली कोणती कामे घरी करावीत?

तपासणी, बुश, मॅन्युअल गिअर ऑइल आणि बाहेरची केबल ही कामे हाताची सवय असलेल्याने करण्यासारखी आहेत. ब्रेकचा ड्रम प्रथमच उघडणार असाल तर जाणत्याला सोबत घ्यावे आणि एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे स्प्रिंगांची जागा दुसऱ्या बाजूला पाहता येते. गिअरबॉक्स उघडणे घरचे काम नाही.

हँडब्रेकवर काम करताना गाडीला हँडब्रेक नसतो, हे विसरले जाते. जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये, स्टँड लावावेत. गिअरमध्ये किंवा ‘पी’ मध्ये ठेवलेली गाडी हलणार नाही, असे गृहीत धरणेही चूक आहे. इंजिन ज्या चाकांना गती देते त्यांपैकी एकच चाक उचलले तर डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाकही फिरू शकते. म्हणजे गिअर असूनही गाडी निघते. गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर हँडब्रेक असलेल्या वाहनांत तर हँडब्रेक ओढलेला असतानाही असेच होते.

ड्रममधली धूळ फुंकू किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनरने भिजवून ती पुसावी.

गाडी महिनाभर उभी ठेवायची आहे. हँडब्रेक लावून ठेवावा का?

जागा सपाट असेल तर लावू नये. विशेषतः गाडी धुऊन लगेच उभी केली असेल, तर ओले शू गंजून ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये किंवा ‘पी’ मध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. शू आधीच चिकटले असतील, तर गाडी पुढे-मागे हलक्या हाताने डुलवून ते सुटतात का पाहावे. नाही सुटले तर चाक काढून ड्रमच्या कडेवर हातोडीने हलके ठोके द्यावेत. इंजिनाच्या जोरावर ओढून काढल्यास लायनिंग शूपासून उखडून येते.